भोयेंची गाडी

"तुमच्यात डॉक्टर कोणी आहे का?" डॉ. नीरजा लोखंडे यांनी खुर्चीत बसता बसता विचारलं.

"नाही," धारपबाई म्हणाल्या. "आमच्यात सगळे माजी आहेत."

हसावं की नाही ते डॉक्टरांना कळेना. बाईंनी नेहमीप्रमाणे ओळखी करून दिल्या. त्या स्वतः जन्मभर मंत्रालयात होत्या, वित्त विभागातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेल्या. मी वृंदा सबनीस, एका मराठी दैनिकात आठ वर्षं बातमीदार, त्यातली बरीचशी मंत्र्यांच्या दाराबाहेर उभं राहण्यात गेलेली. आणि खिडकीपाशी बसलेले सुकदेव भोये. ते आधी आश्रमशाळेत शिक्षक होते, मग दोन वेळा देवखोऱ्याचे आमदार झाले आणि तिसऱ्या वेळी पडले.

फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत बाईंनी ही सल्लागार संस्था काढली होती. कंपन्यांचं, संघटनांचं, कधी एखाद्या रुग्णालयाचं काम सरकारात अडलं की ते कुठं अडलंय, का अडलंय आणि पुढं कसं न्यायचं हे आम्ही सांगायचो. माझ्या काकांच्या मते ही सरळ दलाली होती. बाईंना ते मान्य नव्हतं. "सरकारची भाषा माणसांना कळत नाही आणि माणसांची सरकारला. आपण दुभाषे," असं त्या म्हणायच्या.

डॉ. लोखंडेंची कंपनी फिरते दवाखाने चालवायची. मोठी गाडी, तीत एक डॉक्टर, एक नर्स, औषधं, रक्त तपासायची सोय. सरकारशी करार करून या गाड्या डोंगराळ तालुक्यांत फिरत. करार मार्चअखेर संपत होता. बाकी सगळ्या तालुक्यांचा पुढे वाढवून मिळाला होता. देवखोऱ्याची फाइल तेवढी आरोग्य राज्यमंत्र्यांकडे पडून होती.

"शेरा काय आहे फाइलवर?" बाईंनी विचारलं.

"'चर्चा करावी.'"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे नाही म्हणायचंय, पण सही करून नाही."

"पण का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "देवखोऱ्यात सिकलसेलचे किती रुग्ण आहेत माहितीये? गाडी थांबली तर प्रत्येक तपासणीला त्यांनी नाशिक गाठायचं? गरोदर बायकांनी काय करायचं? धंद्याचं म्हणाल तर एक तालुका गेल्यानं माझं काही बुडत नाही. पण हाच तालुका का?"

कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. राज्यमंत्री होते विलास चौरे, भोयेंना पाडून निवडून आलेले. देवखोऱ्यात गाडी आणली होती भोयेंनी, आमदारकीच्या शेवटच्या वर्षात, खात्याखात्यांत खेटे घालून. गाडीवर सरकारचं बोधचिन्ह होतं, कंपनीचं नाव होतं. पाड्यापाड्यांवर लोक मात्र तिला 'भोयेंची गाडी' म्हणत. आणि निवडणूक वर्षावर आली होती.

"एकाच तालुक्याला वगळलं तर त्याचं कारण नोंदवावं लागतं," बाई म्हणाल्या. "मी वित्त विभागाकडून विचारणा जाईल असं बघते."

"त्यात उन्हाळा जाईल," मी म्हणाले. "मी आमच्या पेपरात फोन करते. पहिल्या पानावर बातमी आली की दोन दिवसांत सही होते की नाही बघा."

मी नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती, तरी 'आमचा पेपर' जिभेवरून जात नव्हता.

भोये म्हणाले, "बातमी आली तर विलास हट्टाला पेटेल. मी ओळखतो त्याला. माझ्या पहिल्या निवडणुकीत जीपवर भोंगा घेऊन तोच बसायचा. मी भेटून येतो."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही? त्यांच्या दारात?"

"पगार घेतो ना मी इथं," भोये म्हणाले.

मलाही बरोबर पाठवायचं ठरलं. दोन माणसं असली की कोण काय बोललं याचा नंतर घोळ होत नाही, हा बाईंचा जुना नियम होता.

चौरे शनिवारी देवखोऱ्यात येणार होते, सरकारी विश्रामगृहावर. आम्ही नाशिकहून गाडी केली. घाट चढून वर आल्यावर करंबपाड्याच्या शाळेसमोर फिरता दवाखाना उभा दिसला. भोयेंनी गाडी थांबवायला सांगितली.

पन्नासएक माणसं उन्हातच ताटकळत होती. एक म्हातारी जमिनीवर बसून खोकत होती. पोटुशी बाई शाळेच्या भिंतीला टेकली होती, तिच्या हातात औषधाची रिकामी पाकिटं. भोये गाडीजवळ गेले नाहीत. लांब, रस्त्याच्या कडेलाच थांबले. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी जवळ गेलो की सगळे उठून माझ्याकडे येतील. नंबर जाईल त्यांचा."

तरी एकानं पाहिलंच. रावजी गांगुर्डे, त्यांचा दोन्ही निवडणुकांतला उजवा हात. काटक, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. सून आणि नातू रांगेत होते, त्यांना सोडून तो धावत आला.

"दादा! तिकीट तुलाच आहे म्हणं."

"म्हणतात."

"म्हणतात काय! जिल्हाध्यक्षानं मला सोता सांगितलं. ह्या खेपेला चौरेचं काही खरं नाही. तू फकस्त अर्ज भर, बाकीचं आम्ही बघतो."

भोये नुसते हसले. पण त्यांचा चेहरा उजळला होता, ते लपत नव्हतं. मीही मुंबईत तेच ऐकलं होतं. तिकीट पक्कं होतं आणि वाराही त्यांच्या बाजूचा होता. पडल्यापासून चार वर्षं हा माणूस शुक्रवारी दुपारी ऑफिसातून निघायचा आणि सोमवारी सकाळी एसटीनं थेट कामावर यायचा. तालुक्यातलं लग्न, बारसं, मयत, काही चुकवायचा नाही. फोर्टमधली खुर्ची म्हणजे त्यांच्यासाठी बसस्टँडवरचं बाकडं होतं. गाडी आली की उठायचं.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गर्दी होती. चौरेंच्या स्वीय सहायकानं आमची चिठ्ठी आत नेली आणि 'बसा' म्हणाला. बसायला जागा नव्हती. ज्या इमारतीच्या दुरुस्तीचा निधी भोयेंनी आणला होता, तिच्या खांबाला टेकून ते उभे राहिले. चौरेंची पोरं आपापसांत कुजबुजत होती. एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "माजी साहेब आता कंपनीच्या कामाला आहेत." हशा पिकला. भोये मात्र शेजारच्या माणसाला त्याच्या विहिरीला पाणी लागलं का ते विचारत होते.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा दुपार उलटली होती. चौरे कोचावर बसले होते, भोवती आठदहा कार्यकर्ते.

"या दादा," असं सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, आणि लगेच ते सावरून बसले. "बोला भोये. कंपनीचं काम घेऊन आलात म्हणे?"

"हो," भोये म्हणाले. "त्यांनी आमच्या संस्थेला नेमलंय. मला तिथं पगार मिळतो. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको."

कार्यकर्त्यांना हसायचं होतं, पण हसण्यासारखं काही उरलं नाही.

"मग सांगा, मी काय करू? गाडीवर तर तुमचं नाव आहे."

"गाडीवर माझं नाव कुठंच नाही."

"गाडीवर नाही. लोकांच्या तोंडात आहे."

भोयेंनी भोवतीच्या कार्यकर्त्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "या सगळ्यांना जरा बाहेर पाठवता का?"

चौरेंनी हात हलवला. खोली रिकामी झाली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाई पेपरवाल्या होत्या ना?"

"होत्या. आता माझ्या ऑफिसच्या आहेत. त्या बसतील."

दार लागल्यावर दोघांची बोलण्याची रीतच बदलली.

"दादा, मला काय गाडी बंद पाडायला आनंद होतो का?" चौरे म्हणाले. "माझी सख्खी बहीण त्याच गाडीवर औषध घेते. पण पुढच्या साली तुम्ही उभे राहणार. मी सही केली, तर दर आठवड्याला प्रत्येक पाड्यावर तुमचा प्रचार होणार, आणि तो माझ्या सहीनं. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"सही केली असती," भोये म्हणाले. "पण झोप लागली नसती, हेही खरं."

चौरे हसले नाहीत.

"विलास, मी उभाच राहिलो नाही तर?"

मी मान वर केली. मला वाटलं, हा बोलण्यातला डाव असेल. माजी आमदारांचे असे डाव मी पुष्कळ पाहिले होते.

"तुम्ही? तिकीट हातात आल्यावर?"

"या खेपेला नाही राहणार."

"लिहून द्याल?"

"लिहून काही देणार नाही. बोलून देतो. भोये बोलला ते त्यानं केलं की नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू माझ्याबरोबर सहा वर्षं हिंडलास."

चौरे खाली बघत राहिले. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायला किका मारत होतं.

"तुम्हाला सोडून गेलो तेव्हा शिव्या तरी द्यायच्या होत्या," ते अचानक म्हणाले.

"त्या द्यायला रावजी होता. आता माझं ऐक. करार एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा कर. आणि नदीपलीकडच्या पाड्यांना पावसाळ्यात ही गाडी पोचत नाही. त्यांच्यासाठी दुसरी, लहान गाडी हवी."

"हे काय? तुम्ही देताय की मागताय?"

"दोन्ही. एवढं मोठं देतोय, तर मोबदलाही नीट घेणार. पैसे सरकारचे, श्रेय तुझं. दुसऱ्या गाडीचा नारळ तू फोड."

चौरेंनी हो म्हटलं. हात मिळवायला पुढं आले आणि हात न मिळवता वाकून नमस्कार करून गेले.

परतीच्या रस्त्यावर मी सगळं शब्द न् शब्द आठवून बघत होते. इतकी मोठी बातमी आठ वर्षांत एकदाही माझ्या हाती लागली नव्हती. निवडून येणार हे दिसत असताना एक माणूस आमदारकी सोडतो, तीही एका दवाखान्याच्या गाडीसाठी. मथळासुद्धा मनात तयार झाला होता.

"वृंदाताई," भोये पुढच्या सीटवरून, मागं न बघता म्हणाले. "हे छापायचं नाही."

"मी आता बातमीदार नाही."

"ते माहीत आहे. म्हणून तर सांगत नाही, विनंती करतो."

"पण लोकांना कळायला हवं, तुम्ही काय सोडलंत ते!"

"कळलं तर विलासची मान खाली जाईल. लोक म्हणतील, भोयेनं जागा सोडली म्हणून हा निवडून आला. मग तो तीन वर्षं गाडी चालू ठेवील का?"

थोड्या वेळानं मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," ते म्हणाले.

फाइल पंधरवड्यात आली. तीन वर्षांचा करार, दुसरी गाडी मंजूर. बाईंनी आदेश वाचला, बाजूला ठेवला आणि भोयेंकडे पाहिलं.

"चर्चा झाली म्हणायची."

"झाली," भोये म्हणाले.

ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "मागितलं त्यापेक्षा जास्त मिळाल्याची फाइल माझ्या अख्ख्या नोकरीत मी पाहिली नाही. काय दिलं त्यांनी, ते मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस." दुसऱ्या दिवसापासून त्या भोये आत आले की खुर्चीतून उठायला लागल्या. सचिव आले तरी बाई उठत नसत.

पावसाळ्यानंतर भोयेंनी पक्षाला कळवलं, प्रकृतीच्या कारणानं उमेदवारी नको. तालुक्यात आधी कुणाचा विश्वास बसला नाही, आणि मग सगळ्यांना सगळं कळल्यासारखं झालं. कंपनीला तीन वर्षांचा करार मिळाला, जास्तीची गाडी मिळाली, भोये त्या कंपनीच्या सल्लागारांकडे पगारी, आणि त्यांनी तिकीट सोडलं. हिशेब इतका सरळ होता की तो कुणी तपासलाही नाही. भोये विकले गेले.

एक दिवस आमच्या पेपरातून मोघ्यांचा फोन आला. मला बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

"वृंदा, तू तिथंच आहेस. भोयेंनी किती घेतले?"

"काही घेतले नाहीत."

"मग का सोडलं? एक वाक्य दे. तुझं नाव येणार नाही. नाही दिलंस तर लोक बोलतायत तेच छापावं लागेल."

मी फोन धरून भोयेंच्या टेबलापाशी गेले आणि माइकवर हात ठेवून त्यांना सगळं सांगितलं. "एक वाक्य, साहेब. फक्त एकच."

"गाडी चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग छापू दे."

मी मोघ्यांना म्हणाले, "मला काही सांगायचं नाही." त्यांनी बातमी छापली. नाव न घेता, पण देवखोऱ्यात शाळकरी पोरालाही कळेल अशी. मी त्यानंतर त्या पेपरचा उल्लेख 'आमचा' असा कधी केला नाही. बातमीदारी माझ्यातून गेली ती त्या दिवशी.

नव्या गाडीचा नारळ फुटला तेव्हा कंपनीच्या वतीनं आम्हाला जावं लागलं. चौरेंनी भाषण केलं, भोयेंचं नाव घेतलं नाही. पण 'भोयेंना मी माघार घ्यायला लावली' असंही त्यांनी कधी कुठं मिरवलं नाही. दिलेला शब्द त्यांनीही पाळला. आम्ही मंडपाच्या मागच्या बाजूला उभे होतो. रावजी गांगुर्डे समोरून आला. मला वाटलं, नेहमीसारखं बोलेल.

"किती घेतले, दादा?" त्यानं विचारलं. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भोयेंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. रावजी उत्तरासाठी थांबला, बराच थांबला. मग वळला आणि निघून गेला. भोये त्याच्या पाठीकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेवढंच एकदा पाहिलं.

त्यांनी पुन्हा कधी निवडणूक लढवली नाही. शब्द एका खेपेचा होता, पण पुढच्या खेपेला विचारायला कुणी आलंच नाही. आमच्याबरोबर ते आणखी सहा वर्षं होते. कोळ्यांच्या जेट्ट्या, वीटभट्टीवरच्या मुलांच्या शाळा, यंत्रमागवाल्यांची वीज, कितीतरी कामं त्यांनी केली आणि प्रत्येक मंत्र्याच्या दाराबाहेर तसेच खांबाला टेकून उभे राहिले. मग गावी परतले.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. फिरता दवाखाना आता सरकारची कायमची योजना आहे, तिला कराराची गरज नाही. चौरे राजकारणातून बाजूला झालेत. मागच्या महिन्यात मी भोयेंना फोन केला आणि विचारलं, "आता तरी लिहू का?"

"लिहा," ते म्हणाले. "पण आधी रावजीला सांगून या. त्याला ते छापलेलं वाचून कळू नये."

मी देवखोऱ्याला गेले. रावजी अंगणात बाजेवर बसला होता. मिशा गेल्या होत्या, ऐकू कमी येत होतं. मी त्याच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. विश्रामगृह, बंद दार, कोण काय म्हणालं, सगळं. मध्येच सून चहा घेऊन आली, त्यानं तिला हातानंच थांबवलं. मी संपवलं तसा तो वाकून चपला शोधायला लागला.

"कुठं निघालात?"

"दादाकडं."

अडीच मैलांचा चढ होता. मी गाडीनं सोडते म्हणाले, तर ऐकेना. "पायीच जायचं," एवढंच म्हणाला. मी मागं मागं चालले. दोनदा त्याला दम लागून बसावं लागलं.

भोये पडवीत तांदूळ निवडत होते. रावजीला पायऱ्या चढताना पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि उठायला गेले, पण गुडघे साथ देईनात. रावजी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. धापा टाकत होता.

"मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

भोयेंनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"तुला सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू मला उभं केलं असतंस. आणि मी राहिलो असतो."